नंदादेवी : एका बंद दाराचा इतिहास

गढवाल आणि कुमाऊँ येथील लोक नंदेला आपली लेक मानतात. ती शंकराच्या घरी दिलेली; म्हणून सुमारे बारा वर्षांनी राजजात निघते आणि चार शिंगांचा मेंढा पुढे घालून, गाणी म्हणत, रडत, लोक तिला सासरी पोचवावयास होमकुंडापर्यंत जातात. अलीकडची मोठी जात २०१४ मधील. भाद्रपद शुद्ध अष्टमीला अल्मोड्यात नंदेचा मेळा भरतो, त्याच सुमारास आपल्या घरी गौरी जेवत असतात! हे साम्य ध्यानी आले की ७,८१६ मीटर उंचीचे हे हिमशिखर आम्हांला परके वाटत नाही.

तिचे हे सासर मात्र मोठे दुर्गम. मुख्य शिखर आणि त्याच्या पूर्वेस खडकाच्या लांब धारेने जोडलेले धाकटे शिखर ही जोडी एका प्रचंड खोलगट प्रदेशात उभी आहे. त्याभोवती त्रिशूल, दूनागिरी, चांगबांग अशा शिखरांचा सुमारे ११० किलोमीटर घेराचा तट असून तो बहुतेक ठिकाणी साडेपाच हजार मीटरांहून खाली उतरत नाही. आत उत्तर व दक्षिण ऋषी आणि उत्तर व दक्षिण नंदादेवी या हिमनद्या आहेत. त्यांचे पाणी एकत्र होऊन ऋषिगंगा होते आणि पश्चिमेकडील एका अरुंद, उभ्या कड्यांच्या घळीतून बाहेर पडून रैणी गावाजवळ धौलीगंगेस मिळते. नदी बाहेर पडते तेवढेच दार.

गिर्यारोहकांना शिखरापेक्षा या दारानेच अधिक काळ अडविले. १८८३ मध्ये ग्रॅहॅम घळीतून परतला. १९०५ मध्ये लाँगस्टाफ पूर्वेकडून तटाच्या खिंडीपर्यंत चढला आणि आतला प्रदेश नुसता पाहून आला. दोन वर्षांनी त्याने तटावरचेच त्रिशूल सर केले, पण आत त्याचे पाऊल पडले नाही. रटलेज १९३२ पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन हात हलवीत गेला. अखेर १९३४ मध्ये एरिक शिप्टन व बिल टिलमन हे दोन इंग्रज आणि आंगथार्के, पासांग व कुसांग हे तीन शेर्पा त्या घळीच्या कड्यांवरून, ओझी दोरांनी ओढीत, आत शिरले. मोठा लवाजमा नाही, पैसाही बेताचाच. आमच्या मते गिर्यारोहणाच्या इतिहासात याहून सुंदर प्रकरण थोडेच असेल. आणि त्या तिघा शेर्प्यांची नावे पुष्कळ ठिकाणी गाळली जातात, हा अन्यायच होय.

दार उघडले तसे शिखरही लवकरच साध्य झाले. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व ओडेल माथ्यावर पोचले. तोवर मनुष्याने गाठलेले हे सर्वांत उंच शिखर. हा मान १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत टिकला. त्याच मोहिमेत कितार नावाचा शेर्पा तळावर आजाराने वारला. त्याच दिवसांत पिंडर नदीला पूर येऊन मनुष्यहानी झाली आणि लोक म्हणाले, देवी कोपली.

पुढील पाहुण्यांत सर्वच इतके साधे नव्हते. १९५१ मध्ये दोन्ही शिखरे जोडणारी धार ओलांडू पाहणारे फ्रेंच वीर द्युप्ला व विन्ये परतले नाहीत. त्यांच्या शोधासाठी तेनझिंग व द्यूबो पूर्व शिखरावर चढले. ती चढाई आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण, असे तेनझिंग पुढे सांगत. १९६४ मध्ये कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी मुख्य शिखर गाठले. १९६५ मध्ये मात्र चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांच्या गुप्तचरांनी प्लुटोनियमवर चालणारे यंत्र तेथे वर नेले. वादळामुळे ते वाटेतच बांधून ठेवावे लागले आणि पुढील वर्षी ते सापडले नाही. ते आजही सापडलेले नाही. देवीच्या अंगणात असली वस्तू टाकून येणे, याला आम्ही दुसरे नाव देऊ शकत नाही. तो प्रमाद होता.

१९७४ मध्ये परदेशी मोहिमांना परवानगी मिळाली आणि वर्दळ वाढली. १९७६ मध्ये या शिखरावरूनच जिचे नाव ठेवले होते ती नंदादेवी अनसोल्ड ही अमेरिकन तरुणी वरच्या छावणीत आजारी पडून वारली. तिचा देह तेथील बर्फालाच अर्पण केला. दरम्यान सरपणासाठी भूर्जवृक्ष तुटत होते, केरकचरा साठत होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९८३ पासून आतला प्रदेश गिर्यारोहकांना बंद झाला.

बंदी योग्यच, असे आम्हांस वाटते. पण तिचा भार कोणी सोसला? मोहिमा दुसऱ्या डोंगरांकडे वळल्या. लाता व रैणीच्या भोटिया कुटुंबांची मात्र चराऊ कुरणे गेली, हमालीची मजुरी गेली. १९७४ मध्ये गौरादेवींसह ज्या बायकांनी झाडांना मिठी मारण्याच्या निर्धाराने ठेकेदाराची माणसे परत धाडली, त्या याच रैणीच्या. जंगल राखणाऱ्यांनाच त्या जंगलाबाहेर काढले गेले. आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी तटाबाहेरच्या रोंटी शिखराचा खडक व बर्फ कोसळून ऋषिगंगेला लोंढा आला, तेव्हा तोही प्रथम त्यांच्याच दारी आला. दोनशेहून अधिक माणसे, बहुतेक धरणांच्या कामावरची, त्यात गेली.

लात्यात नंदेचे जुने देऊळ आहे. आत जाण्यापूर्वी हमाल तेथे नमस्कार करीत.