महामंदीची काच

अमेरिकेत नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंगच्या मेजावर जुन्या बाजारातून आणलेल्या मधाळ पिवळ्या काचेच्या बशा हौसेने मांडल्या जातात. त्यांचा काळ मात्र हलाखीचा.

१९२९ नंतरच्या महामंदीत यंत्राने साच्यात दाबून घडवलेली ही काच इतकी स्वस्त होती की ओटच्या डब्यात ती फुकट मिळे. ओस पडू लागलेली चित्रपटगृहे तिकिटाबरोबर एकेक बशी देत. संच पुरा करायचा तर पुन्हा पुन्हा यावे लागे! काचेत बुडबुडे, कडेला साच्याची रेघ. दाट नक्षीने असे दोष झाकले जात.

‘डिप्रेशन ग्लास’ हे नाव संग्राहकांनी मागाहून दिलेले. वापरणाऱ्यांच्या लेखी ती फुकटची बशीच. बरे दिवस येताच ती माळ्यावर गेली, तिथून धर्मादाय दुकानांत. १९७० च्या दशकात भाव चढले, आणि तिच्या नकलाही निघाल्या.