वऱ्हाडचा कापूस आणि चंद्रावरचा गहू

आजचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अंतराळातल्या साहसकथांना गुंतागुंतीचं राजकारण पेलतं का? यानं, किरणांच्या बंदुका, परग्रहावरचे प्राणी हे पोरांसाठी ठीक. पण करार, कर, पाणीवाटप असल्या गोष्टी आल्या की कथेचा वेग मरतो, असं पुष्कळ वाचकांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. आणि त्याचा पुरावा शोधायला मंगळावर जायचं कारण नाही, आपला वऱ्हाडचा इतिहास पुरेसा आहे.

आधी तोच बघू. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या पैशावर पोसली जायची, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली, आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. म्हणजे काय, तर राजा निजाम आणि कारभारी इंग्रज. 1902 साली कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. एवढं होऊनही 1936 साली निजामाच्या वारसाला ‘बेरारचा राजकुमार’ हा किताब मिळाला! मोर्शीच्या एखाद्या कास्तकाराने त्या वेळी विचारलं असतं, ‘बाप्पा, आपला राजा कोण?’ तर हैदराबादचं उत्तर वेगळं आलं असतं, नागपूरचं वेगळं.

आता यात कापूस घाला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी माती दिसली. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. 1870 साली खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपलं होतं, भाव उतरले होते. इथला माणूस त्या युद्धात नव्हता. तरी त्याचं कर्ज, त्याच्या पोरीचं लग्न, त्याचा सारा त्या युद्धाशी बांधला गेला. भाव लिव्हरपूलला ठरायचा, सारा इथे भरायचा. वावरात ज्वारीच्या जागी पऱ्हाटी आली. 1899-1900 च्या दुष्काळाने दाखवून दिलं, की पऱ्हाटी खाता येत नाही.

आणखी एक नमुना म्हणजे आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ही छोटी गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी आली. देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वे सरकारी झाल्या. या रुळांची मालकी मात्र पुढेही कित्येक दशकं खासगी कंपनीकडेच राहिली. साम्राज्य गेलं, त्याचा भाडेकरार मागे उरला. असा तपशील कोणा कादंबरीकाराने कल्पनेतून काढला असता, तर आपण त्याला दाद दिली असती.

आता चंद्राकडे वळू. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाची 1966 सालची एक कादंबरी आहे, ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’. चंद्र ही कैद्यांची वसाहत. तिथल्या बोगद्यांत गहू पिकतो आणि पृथ्वीवर पाठवला जातो, त्यातला बराचसा भुकेल्या हिंदुस्थानसाठी. गंमत म्हणजे पृथ्वीवरच्या सत्तेचं एक मोठं ठाणं आहे आग्र्याला! गव्हाबरोबर चंद्रावरचं पाणीही जातं, आणि ते परत येत नाही. हे असंच चाललं तर थोड्याच वर्षांत वसाहत उपाशी मरणार, हा हिशेब लागतो आणि बंड पेटतं. कथा पळते, मारामारी आहे, युक्त्या आहेत. पण सगळ्याच्या मुळाशी आहे तो गव्हाचा हिशेब. आम्ही ती वाचताना आम्हाला कापसाच्या गाठीच दिसतात.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’मध्ये (1965) वाळवंटी ग्रहावर पाण्याचा थेंब न् थेंब जपतात, आणि तिथला मसाला ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता. म्हणजे साहस आणि राजकारण यांचं वैर नाहीच. कथा अडते ती राजकारण नुसतं सांगितल्यावर. 1999 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या सुरुवातीलाच व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद आहे. विषय चांगला. पण त्या करामुळे कोणाच्या ताटातली भाकरी कमी झाली, हे आपल्याला जाणवत नाही. कर ऐकू येतो, दिसत नाही.

मग मराठीत असं अंतराळ का फारसं उभं राहिलं नाही? अंतराळ आपल्याकडे उशिरा आलं म्हणावं, तर तसंही नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत आली, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. आम्हाला कारण दिसतं ते कथा कुठे छापल्या गेल्या यात. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली, विज्ञानप्रसारासाठी. तिच्या कथास्पर्धेत 1974 साली नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली, ती होती जयंत नारळीकरांची. या स्पर्धांनी आणि दिवाळी अंकांनी मराठी विज्ञानकथा वाढवली, हे त्यांचं मोठं ऋण. पण कथा दहा-पंधरा पानांची, आणि तिला पहिला प्रश्न विचारला जायचा, ‘विज्ञान बरोबर आहे का?’ सारा कोण भरतो, हे विचारायला त्या पानांत जागाच नव्हती. त्याला कादंबरीचा ऐसपैसपणा लागतो.

तो ऐसपैसपणा ज्यांच्याकडे होता, असे एक लेखक आपल्याच जिल्ह्यातले, परतवाड्याला जन्मलेले अरुण साधू. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे पत्रकार. चीन, क्यूबा, रशिया इथल्या क्रांत्यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. 2007 साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या चाहत्यांनाही कधीकधी ठाऊक नसतं, की त्यांनी विज्ञान कादंबरीही लिहिली, ‘विप्लवा’. विप्लव म्हणजे उलथापालथ, बंड. सत्तेचे व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाला विज्ञानकथा हलकी वाटली नाही, ही आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. ती वाट पुढे फार थोड्यांनी धरली.

मोर्शीतल्या मुलामुलींनी ती धरावी, असं आम्हाला वाटतं. सामान घरातच आहे. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण घ्या. गावं कोणाची बुडाली, पाणी शेताला किती, अमरावती शहराला किती, वीज प्रकल्पाला किती, आणि हे ठरतं कुठे? दूरच्या ग्रहावरचं धरण उभं करायला याहून वेगळे प्रश्न लागत नाहीत. उलट ग्रह दूरचा असला, की वाचक आपला पक्ष, आपली जात, आपला पुढारी थोडा वेळ बाजूला ठेवून प्रश्नाकडे बघतो. जवळचं भांडण दुरून दिसावं, हा या कथांचा खरा उपयोग.

तेव्हा नवा ग्रह रचायला बसाल, तर त्याला चंद्र किती आणि आकाशाचा रंग कोणता, हे सावकाश ठरवा. आधी एवढं ठरवा, की तिथे पिकतं काय, ते खातं कोण, आणि त्याचा भाव कोणत्या गावी ठरतो.