खाणावळीचा कारभार



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, भरतकामाचे नमुने असतात आणि हळदीकुंकवाचा वृत्तांत असतो. यंदा चिटणीसबाईंनी उद्योगधंद्याचा कारभार, पुढारीपण व निर्णय ह्या विषयावर कोणीतरी लिहावे असे सुचविले, आणि सर्वांनी माझ्याकडे बोट दाखविले. कारण एवढेच की, आमच्या घरी एके काळी खाणावळ होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. सासूबाईंकडून ऐकलेले, त्यांच्या वहीत पाहिलेले आणि नंतर वाचून समजलेले असे जे आहे ते इथे मांडते.

माझी थोरली मुलगी वाणिज्य शाखेत शिकते. तिच्या पुस्तकात आंरी फेयोल नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांचा धडा आहे. हे गृहस्थ खाणीत इंजिनियर होते, बुडत चाललेली कंपनी त्यांनी सावरली आणि १९१६ साली आपले विचार प्रसिद्ध केले. कारभार म्हणजे आधी योजना, मग माणसे व साधने यांची जुळणी, मग हुकूम, मग सर्वांचा मेळ आणि शेवटी देखरेख, असे त्यांचे म्हणणे. मुलगी हे मोठ्याने पाठ करीत होती तेव्हा मी डाळ निवडीत होते. माझ्या मनात आले, हे सर्व आमच्या सासूबाई एकशे साठ चौरस फुटांत करीत होत्या, आणि हुकूम सोडायला त्यांच्या हाताखाली एक नणंद नि एक दहा वर्षांचा मुलगा एवढीच फौज होती.

ज्यांचा जन्म चाळीबाहेरचा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली सरकारने मुंबई विकास खाते काढले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे आपले बी. डी. डी. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या. गिरण्यांत काम करणारे बहुतेक पुरुष कोकणातून नाही तर साताऱ्या-कोल्हापूरकडून एकटेच येत, बायकामुले गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. झोपेची सोय अशी झाली, पण जेवणाचे काय? ते काम गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांनी केले. कोणाचा नवरा बेकार, कोणाचा आजारी, कोणी विधवा, कोणाला टाकलेली. स्वयंपाक येतो एवढेच भांडवल.

आमच्या सासूबाईंच्या खाणावळीला अठरा मेंबर होते. जेवणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणत नसत, मेंबर म्हणत. पहिल्या पाळीवाल्यांचा डबा पहाटे निघे, दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून जात, आणि रात्रपाळीवाले रात्री. म्हणजे चूल तीनदा पेटे. त्यात पाणी पहाटे येणार, रॉकेल रेशनचे, आणि आमटी पातळ झाली तर अठरा जणांची तोंडे. मेंबर जेवला नाही त्या दिवसाला खाडा म्हणत. खाडा कळवायचा कधी, किती खाड्यांचे पैसे वजा करायचे, अचानक गावचा पाहुणा घेऊन आला तर काय करायचे, याचे नियम त्यांनी ठरविले होते आणि ते मोडू देत नसत. शिमग्याला नि गणपतीला अर्धे मेंबर कोकणात जात, त्या महिन्यांची आवक निम्मी होई. म्हणून त्याच्या आधीच्या महिन्यांत बाजूला काढून ठेवावे लागे. पावसाळ्याआधी सुके बोंबील, सुकट, मिरची यांची बेगमी. वहीत प्रत्येक मेंबराचे एक पान; सासूबाईंना अक्षरओळख बेताची, म्हणून खाड्यासाठी फुली आणि डब्यासाठी गोल.

इतका चोख कारभार असूनही हातात काही उरत नसे. असे का होई, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. मेंबर पैसे देणार महिन्याच्या पगारावर, आणि चूल तर रोज पेटणार. मधले तीस दिवस वाण्याच्या उधारीवर. उधारीवर माल घेणारीला भाव विचारता येत नाही. तांदळात खडे निघाले तर परत करता येत नाही. आणि दुसऱ्या वाण्याकडे जाता येत नाही, कारण पहिल्याचे देणे उभे असते. वाण्याने हात आखडला की सावकार. सासूबाईंच्या मंगळसूत्राच्या वाट्या दोनदा गहाण पडल्या होत्या. आज भाजी कोणती हे त्या ठरवीत, पण तांदूळ कोणता, कुठून, कोणत्या भावाने हे ठरविणारा दुसराच. माझ्या मते पुस्तकवाल्या साहेबांच्या यादीत ही एक गोष्ट राहून गेली आहे. ज्याच्या हाती रोकड नाही त्याची योजना कागदावरच राहायची.

बँकेत का नाही गेल्या, असे आजच्या मुली विचारतील. बँक तारण मागे. खोलीची पावती नवऱ्याच्या नावावर, दागिना सावकाराकडे, आणि भांडी तारण ठेवली तर स्वयंपाक कशात करणार? १९६९ च्या जुलैत चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या आणि १९७२ साली अगदी गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली; पण ती गिरणगावातल्या चुलीपर्यंत कोणी आणायची हा प्रश्न होताच.

ती आणली प्रेमाताई पुरव यांनी. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात लहान वयात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांचे यजमान दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते. संपाच्या दिवसांत कामगाराला उधारीवर जेवू घालणारी खाणावळवालीच असते, आणि तिची दखल मात्र कोणतीच युनियन घेत नाही, हे प्रेमाताईंनी पाहिले. १९७५ साली चौदा खाणावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. ह्या बायांना सरकारी बँकेचे दीड-दीड हजार रुपयांचे कर्ज मिळाले.

आता तारणाचे काय केले ते लक्षपूर्वक वाचावे, कारण कारभारातला खरा निर्णय तिथे आहे. बायांचे गट केले, आणि गटातल्या बायाच एकमेकींना जामीन राहिल्या. एकीने हप्ता चुकविला तर बाकीच्यांवर जबाबदारी. वरवर पाहता गरिबाने गरिबाला जामीन राहणे म्हणजे वेडेपणा. पण विचार करा, अमुक बाईकडे खरोखर किती मेंबर जेवतात, तिचा नवरा दारू पितो की नाही, तिच्याकडे वाण्याची थकबाकी किती, हे बँकेच्या साहेबाला कधी कळले असते? शेजारणीला ते भिंतीपलीकडून ऐकू येते. जी माहिती नळावर नुसती कुचाळकी म्हणून वाया जात होती, तीच इथे तारण म्हणून उपयोगी पडली. पुढच्याच साली, १९७६ मध्ये, बांगलादेशात प्राध्यापक युनुस यांनी जोब्रा गावात लहान कर्जे द्यायला आरंभ केला आणि गटाची हीच रीत त्यांच्या ग्रामीण बँकेने पुढे जगभर नेली. त्यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. दोन्ही सन्मान योग्यच. फक्त आमच्या मुलींच्या पुस्तकात एकाचे नाव आहे आणि दुसऱ्याचे नाही, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सासूबाई त्या पहिल्या चौदांत नव्हत्या. दोन-तीन वर्षांनी आमच्या नि शेजारच्या इमारतीतल्या पाच जणी मिळून त्या गटात गेल्या. पहिला हप्ता फेडीपर्यंत त्यांना रात्री झोप लागत नसे, असे त्या सांगत. त्या पैशांतून त्यांनी पहिल्यांदा महिन्याचा तांदूळ नि डाळ रोखीने, गोणीने घेतली. वाणी तोच होता. पण त्या दिवशी त्याने खुर्ची पुढे केली, हे त्या दरवेळी हसून सांगायच्या.

मग १९८२ चा संप आला. १८ जानेवारीला गिरण्या बंद झाल्या आणि डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिला महिना सर्वांना वाटले, लवकर मिटेल. मेंबर जेवत राहिले, पानावर गोल वाढत गेले. दुसऱ्या महिन्यात पाच जणी आमच्या खोलीत बसल्या. बंद करावे तर ज्यांनी दहा-दहा वर्षे पैसे बुडविले नाहीत त्यांना उपाशी ठेवल्यासारखे. चालू ठेवावे तर हप्ता कुठून? दोघी म्हणाल्या बंद, दोघी म्हणाल्या चालू. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या म्हणतात. शेवटी असे ठरले की, मासळी-मटण बंद, भात-आमटी नि एक भाजी एवढेच. जो गावी जाऊ शकतो त्याने जावे, त्याचा हिशेब वहीत राहील. आणि पाच जणींनी मिळून कचेऱ्यांतल्या लोकांचे रोखीचे डबे धरायचे, त्यातून आधी सर्वांचा हप्ता, मग उरेल ते वाटून. मला वाटते, हा निर्णय एकटीने घेतला असता तर घेता आला नसता. एकटी बाई एक तर दयेने बुडाली असती, नाही तर भीतीने दार लावून बसली असती.

डबे चालले, हप्ते गेले. संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. हजारो लोक कायमचे घरी बसले. काही मेंबरांनी पुढे गावाहून मनिऑर्डरीने थोडे थोडे पैसे पाठविले, काहींनी नाही. खाणावळ म्हणून जे होते ते १९८४ साली बंद झाले आणि फक्त डबे राहिले. ती वही मात्र सासूबाईंनी टाकली नाही. तिच्यात सात पाने अजून कोरी सुटायची आहेत.

दुसरे उदाहरण गिरगावातले, सर्वांच्या ताटातले; म्हणून थोडक्यात सांगते. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. छगनबाप्पा पारेख नावाचे समाजसेवक त्यांचे मार्गदर्शक होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: हलक्या प्रतीचा माल काढायचा नाही, आणि तोटा झाला तरी कोणाची देणगी घ्यायची नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट नि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झाले, पावसाळा सुटला! पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. आज त्याच लिज्जत संस्थेत हजारो भगिनी आहेत आणि प्रत्येक जण मालकीण समजली जाते.

लिज्जतची एक रीत मला फार विचार करायला लावते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एका भगिनीने हरकत घेतली तरी विषय अडतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाटले, अशाने काम कसे होणार? आपल्याकडे तर सहलीचे ठिकाण ठरवायला तीन सभा लागतात. पण नफा नि तोटा दोन्ही सर्वांच्या वाट्याला येणार असतील, तर जिला तोटा सोसायचा तिला "नाही" म्हणण्याचा हक्क नको का? शिवाय नाही म्हणणारीला कारण सांगावे लागते, आणि पुष्कळदा ते कारण बाकीच्यांच्या ध्यानात आलेलेच नसते.

हे सर्व लिहिण्याचे निमित्त आपल्या मंडळाचे दिवाळीचे फराळाचे काम. गेली काही वर्षे आपण चकली, करंजी, चिवडा घरोघरच्या मागणीवर करतो, आगाऊ पैसे घेतो, उरलेले वाटून घेतो. आता एका व्यापाऱ्याने सांगून पाठविले आहे की, सर्व माल आपण उचलू, अर्धी रक्कम आधी देऊ. मात्र तेल नि डालडा त्याच्या दुकानचे, पिशवीवर नाव त्याचे, आणि भाव दिवाळीनंतर ठरवू. रक्कम मोठी आहे, यात शंका नाही. २०२५ च्या ऑगस्टात वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींच्या किल्ल्या मिळाल्या. आपल्यातल्या काही जणी वर गेल्या, काही जुन्या चाळीत आहेत, काही भाड्याने दूर राहतात. एकत्र तळायला जागा नाही, म्हणून आयता व्यापारी बरा, असे काहींचे म्हणणे. माझे मत विचाराल तर "भाव नंतर ठरवू" ह्या तीन शब्दांवर माझी हरकत आहे, आणि तेल आपले आपण रोखीने घ्यावे असे मला वाटते. त्यासाठी सुरुवातीला लागणारी रक्कम पाच-पाच जणींचे गट करून एकमेकींच्या जबाबदारीवर उभी करता येईल का, याचा हिशेब मी मुलीकडून करून घेतला आहे. तो सभेत वाचून दाखवीन.

सभा येत्या रविवारी दुपारी चार वाजता आहे. दूर राहणाऱ्या भगिनींनी अवश्य यावे आणि ज्यांचे मत माझ्याविरुद्ध आहे त्यांनी तर आधी यावे. विषय मतांना टाकायचा की सर्वांच्या संमतीने ठरवायचा, हेच पहिल्यांदा ठरवावे लागेल. येताना प्रत्येकीने गेल्या दिवाळीचा आपल्याकडचा हिशेबाचा कागद आणावा.