चुकीच्या नावाची पट्टी

होडीच्या पिछाडीला बाहेरून अडकवायच्या इंजिनाला पंख्याच्या वर एक आडवी, सपाट पट्टी असते. इंजिन किती उंचीवर बसवायचे ते याच पट्टीवरून ठरते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर वर यावी, असा साधारण नियम. इंजिन फार खाली बसले तर पाण्याचा विरोध वाढतो. फार वर बसले तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो आणि नुसताच गरगरतो. थंडाव्याचे पाणी घेणारी भोके उघडी पडली तर इंजिन तापून निकामी होते.

या पट्टीला पुष्कळजण 'अँटी-कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात. हे नाव आम्हाला खटकते, कारण पट्टी अडवते ती हवा, आणि कॅव्हिटेशनमध्ये बाहेरच्या हवेचा संबंधच नसतो. ते काय असते हे समजायला १८९४ सालच्या इंग्लंडमध्ये जावे लागेल.

त्या वर्षी चार्ल्स पार्सन्स यांनी टाइन नदीवर 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका उतरवली. टर्बाइन जोरात फिरे, पण वेग २० नॉटच्याही पुढे जाईना. दोष टर्बाइनचा की पंख्याचा? पार्सन्स यांनी दांड्याला मिळणारी शक्ती मोजली. ती पुरेशी होती. म्हणजे ती पंख्यापाशी वाया जात होती. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पुढच्या बाजूला दाब इतका घसरतो की पाणी थंड असूनही तेथे उकळते. या बाष्पाच्या पोकळ्यांना कॅव्हिटेशन हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले होते.

पुढची युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. पार्सन्स यांनी काचेची खिडकी असलेल्या टाकीत दोन इंची पंखा फिरवला, तोही जवळजवळ उकळत्या पाण्यात! गरम पाण्याला उकळायला दाब थोडाच कमी व्हावा लागतो. त्यामुळे बेताच्या वेगातही पोकळ्या दिसू लागल्या. मग त्यांनी एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवून भार वाटून टाकला. २६ जून १८९७ रोजी स्पिटहेडला, राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात, 'टर्बिनिया' बोलावणे नसताना घुसली. ३४ नॉटच्या त्या नौकेला आरमाराची एकही नाव गाठू शकली नाही.

आता आपल्या पट्टीकडे. दाब एका वातावरणाने वाढायला सुमारे १० मीटर खोली लागते. इंजिन तीन इंच खाली घेतले तर दाबात एक टक्काही फरक पडत नाही. म्हणून उंची बदलून कॅव्हिटेशन थांबत नाही. त्याला पंखाच बदलावा लागतो. हवा मात्र तीन इंचांत थांबते.

शाळेत हा फरक पाहता येतो. पाणी चांगले उकळून थोडे निवू द्यावे. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ते अर्धे भरावे, हवा काढून टाकावी, तोंड रबरी बुचाने दाबून दट्ट्या मागे ओढावा. (पाणी गरम असते, हे शिक्षकांनीच करावे.) पाणी उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की बाष्पाचे बुडबुडे नाहीसे होतात. चुकून हवेचा बुडबुडा आत राहिला असेल, तर तो तसाच राहतो.