परक्यांच्या दप्तरातील स्त्रीदुःख

पीडित स्त्रीच्या दुःखाची चौकशी परदेशी अभ्यासकांनी येथील लोकांशी भागीदारी करून केली, तर त्या साक्षीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आज नवा वाटतो. परंतु नगर जिल्ह्यास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्याची पूर्वपीठिका फार दिवसांपासून ठाऊक आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईस आली व पुढे १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत नगरास राहून तिने मुलींना शिकविले. तिची शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ती मिळाली. मिशनचे द्रव्य बोस्टनहून येई, आणि येथील स्त्रियांच्या हालअपेष्टांची वर्णने तिकडील दात्यांपुढे मांडली जात. त्यांत धर्मप्रसाराचा हेतू होता, हे खरे. तरी त्या वर्णनांच्या मोबदल्यात नगरास शाळा मिळाली, हेही नाकारता येत नाही.

१८८७ साली पंडिता रमाबाईंनी आपल्या भगिनींची कैफियत इंग्रजीत लिहून फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध केली. येथे बोलणारी व लिहिणारी घरचीच होती. बोस्टन येथे साहाय्यक मंडळ स्थापन झाले आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. पण सदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याचा वाद उठून १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. सदन कोणत्या अटींवर चालणार, याविषयी दाते, चालक व पालक यांची समजूत एक नव्हती. त्याचे फळ मुलींस भोगावे लागले.

याहून कठोर उदाहरण पुढचे. कलकत्त्यात १८९० साली फुलमणी दासी ही बालवधू पतीच्या अत्याचाराने मरण पावली. तेव्हा स्त्री-डॉक्टरांनी अशा मुलींच्या दुखापतींची यादी सरकारकडे पाठविली, व १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास तिचे बळ मिळाले. त्या यादीचा तो उपयोग न्याय्यच होता. परंतु तीच यादी कॅथरिन मेयो यांनी १९२७ साली 'मदर इंडिया'त पुन्हा छापली. आता हेतू मुलींच्या रक्षणाचा नव्हता; हा देश स्वराज्यास अपात्र आहे, हे ठरविण्याचा होता. एकाच पुराव्याने एकदा कायदा घडविला, दुसऱ्यांदा अपमान. ज्यांच्या देहांतून तो निघाला, त्यांचे मत दोन्ही वेळी कोणी विचारले नाही.

१९२९ साली लंडनमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरविली, तेव्हा धन्वंती रामराव यांनी नेमका हाच आक्षेप घेतला: आमच्या दुःखाची सूत्रे परक्यांच्या हाती का असावीत? त्याच वर्षी सर मोरोपंत जोशी यांच्या समितीने येथेच साक्षी घेऊन अहवाल दिला आणि सारडा कायदा झाला.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती अत्याचाराच्या संशोधनास नियम घालून दिले. साक्ष देणारीची सुरक्षितता प्रथम, गुप्तता अनिवार्य, आणि गरज पडल्यास तिला मदतीची वाट दाखविणे हे कर्तव्य. हे नियम चांगले आहेत. पण त्यांच्यामागे वरील सारा इतिहास उभा आहे, हे विसरू नये.

नगरशी दीर्घ संबंध असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. पतीच्या कोपाचे प्रसंग त्यांनी त्यांत लपविले नाहीत. तसेच त्यांची माया व स्वतःची थट्टाही लपविली नाही. परक्याच्या दप्तरात एवढे सर्व एकत्र क्वचितच मावते. म्हणून परदेशाशी सहकार्य अवश्य करावे. पण साक्ष देणारी स्त्री ही चौकशीची सामग्री नसून तिची भागीदार आहे, ही पहिली अट असावी.