वळिवड्याची छावणी आणि शाळेंतील युद्धस्मरण

युद्धांत पडलेल्यांचें स्मरण आमच्या शाळांतून होतें तें बहुधा व्याख्यानाच्या रूपानें होतें. २६ जुलैला कारगिलचा विजयदिन येतो, १६ डिसेंबरला १९७१ चा. त्या दिवशीं पटांगणावर मुलें ओळीनें उभीं राहतात, वडिलांनीं लिहून दिलेलें भाषण एखादा हुशार मुलगा न अडखळतां म्हणून दाखवितो, लहान वर्गांतील दोघेचौघे लष्करी पोषाख चढवून लांकडी बंदुका खांद्यावर घेतात, आणि पाहुण्यांचे आभार मानून समारंभ संपतो. अशा समारंभांना पाहुणे म्हणून जाण्याचा योग आम्हांस पुष्कळदां आला आहे. भाषण करणाऱ्या मुलाची तयारी नेहमींच चांगली असते. पण ज्यांच्यासाठीं हें सारें चाललेलें असतें ते कोण होते, ते ज्या घरांतून गेले त्या घरांत पुढें काय झालें, हा विचार त्या तासाभरांत मुलांच्या मनाला शिवून जातो असें आम्हांस कधीं दिसलें नाहीं. घोकलेलें भाषण दुसऱ्या दिवशीं विसरतें. स्वतःच्या हातांनीं केलेली वस्तु विसरत नाहीं. म्हणून स्मरण हें बोलण्यापेक्षां करण्याचें काम आहे, आणि कोल्हापुरासारख्या ठिकाणीं त्याची सामग्री दूर शोधावयास नको, असें आमचें म्हणणें आहे.

मुळांत आमच्या पूर्वजांनींही स्मरण केलें तें हातानेंच. पंचगंगेच्या खोऱ्यांतील जुन्या गांवांत वेशीपाशीं किंवा देवळाच्या मागें तेलाशेंदुरानें माखलेले वीरगळ उभे असतात. लोक त्यांना देव समजून नमस्कार करतात, पण वाचीत नाहींत. वस्तुतः वीरगळ ही वाचावयाचीच वस्तु आहे, आणि ती खालून वर वाचावयाची असते. खालच्या चौकटींत लढाई. पुष्कळदां तेथें गाईही दिसतात, कारण परचक्राइतकींच गुरें वळवून नेणाऱ्यांशीं झालेलीं भांडणेंही गांवाच्या जिवावर येत. मधल्या चौकटींत अप्सरा वीराला वर नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य आहेत. अक्षर बहुधा एकही नसतें. ज्या शहरानें आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर दिले, तेथील मुलांना हा दगड उतरवून घेणें जड जाऊं नये. चित्रकलेच्या शिक्षकानें वर्ग गांवांत न्यावा, पुजाऱ्याची परवानगी घ्यावी, दगडास हात न लावतां त्याचें चित्र काढवावें, आणि मग एवढेंच सांगावें कीं तुमच्या गांवच्या एखाद्या शिपायासाठीं आज असा दगड घडवावयाचा असता तर तुम्ही चौकटींत काय घातलें असतें तें काढा. वीरगळाजवळ कधीं कांकणें भरलेला हात कोरलेला सतीचा दगडही असतो. त्याचा अर्थ सांगतांना शिक्षकानें घाई करूं नये, आणि गौरव तर मुळींच करूं नये.

पहिल्या महायुद्धानंतर दुसऱ्या तऱ्हेचे दगड आले. सातारा आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत संगमरवरी पाटी आढळते: या गांवांतून इतके इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकीं इतके मरण पावले. आंकडे आहेत, नांवें नाहींत. वीरगळावर निदान माणसाची आकृति तरी होती! पाटी दिसल्यावर मुलांनीं प्रथम विचारावें तें हेंच, कीं हे कोण? मेसापोटेमियांत कूत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यांत सांपडली होती तींत मराठा पलटणी होत्या. उपासमारीनें शरण आलेल्यांपैकीं पुष्कळ जण पुढें कैदेंत आणि वाटेंत मेले. मेसापोटेमियांत पडलेल्या ज्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांच्या थडग्यांचा पत्ता नाहीं, त्यांच्यासाठीं बसऱ्याला मोठें स्मारक उभारण्यांत आलें. पण त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं गेलीं, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. हा भेद झाला ही गोष्ट या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळानें २०२१ सालीं आपल्या चौकशी-अहवालांत उघडपणें मान्य केली. मुलांना ही हकीगत अवश्य सांगावी. गांवांतल्या म्हाताऱ्यांना विचारून, घरांतील पेट्या उघडून, पेन्शनचे कागद पाहून एक नांव जरी सांपडलें, तरी तें सुंदर अक्षरांत लिहून पाटीशेजारीं लावण्याइतकी मोठी हस्तकला दुसरी नाहीं.

तथापि कोल्हापूरच्या मुलांसाठीं सर्वांत बोलकें स्थळ याहूनही वेगळें आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर शहरापासून अगदीं जवळ वळिवडे हें गांव आहे. १९४३ सालीं तेथें पोलिश निर्वासितांची छावणी वसली आणि १९४८ पर्यंत राहिली. सुमारें पांच हजार माणसें तींत होतीं. बहुतेक बायका आणि मुलें. तीं येथें कशीं आलीं हें सांगणें म्हणजे अर्ध्या जगाचा नकाशा उलगडणें होय. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजीं रशियानें पूर्वेकडून पोलंडवर चाल केली. पुढच्या वर्षीं फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडींत रशियनांनीं पूर्व पोलंडमधील कुटुंबेंच्या कुटुंबें घरांतून काढून मालगाड्यांत कोंबून सैबेरियांत व उत्तरेच्या अरण्यांत पाठविलीं. मागाहून कझाकस्तानांतही पाठविलीं. १९४१ च्या जून महिन्यांत हिटलर रशियावर उलटला, तेव्हां कालचा शत्रु आज मित्र झाला आणि या बंदिवानांना सोडण्यांत आलें. जनरल आंडर्स यांच्या हाताखालीं त्यांचें सैन्य उभें राहिलें, आणि त्या सैन्याबरोबर १९४२ सालीं हजारों बायकामुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. त्यांतील कांहीं पुढें कराचीमार्गें हिंदुस्थानांत आलीं. जामनगरजवळ बालाचडी येथें जामसाहेब दिग्विजयसिंहजींनीं पोरक्या मुलांना आश्रय दिला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. वळिवडे त्या मानानें कमी प्रसिद्ध, पण वस्तीनें पुष्कळ मोठें. १९४६ सालीं बालाचडीची छावणी मोडली तेव्हां तेथील मुलेंही येथेंच आलीं. कोल्हापूरच्या गादीवर त्या काळीं पांच वर्षांचेही नव्हते असे बालराजे होते, आणि संस्थानच्या हद्दींत पोलिश मुलांचें एक शहरच नांदत होतें.

या छावणींत काय काय होतें? लांबच लांब बराकी, चर्च, दवाखाना, दुकानें, आणि मुख्य म्हणजे शाळा: प्राथमिक, माध्यमिक, धंदेशिक्षणाच्याही. येथें शिकविणाऱ्यांपुढें जो प्रश्न होता तसा प्रश्न आमच्या शिक्षकांपुढें सहसा येत नाहीं. वर्गांतल्या मुलांनीं भूक पाहिली होती, भावंडें वाटेंत पुरलेलीं पाहिलीं होतीं; मात्र धाकट्यांपैकीं कित्येकांना ज्या देशासाठीं हें सारें सोसलें तो देश आठवतच नव्हता. पुस्तकांचा तुटवडा. मग त्यांनीं देश हातांनीं, गळ्यानें आणि पायांनीं शिकविला. मुलांनीं देशी गाणीं बसविलीं, लोकनृत्यें शिकलीं, त्यासाठीं प्रांतोप्रांतींचे भरतकामाचे पोषाख आयांनीं शिवले, नाटकें झालीं. बालवीर व वीरबाला यांचीं पथकें निघालीं, शेकोट्या पेटल्या. सणवार सारे पोलिश पद्धतीनें, फक्त हिमाऐवजीं पंचगंगेकांठचें ऊन. आम्हांस या प्रकारांत करमणूक दिसत नाहीं. ज्या मुलाला युद्धाविषयीं बोलवत नाहीं त्याला गातां येतें, नाचतां येतें, कागदावर घर काढतां येतें. त्या शिक्षकांनीं हें कोणत्या ग्रंथावरून घेतलें असेल असें वाटत नाहीं. तीं स्वतःही त्याच गाड्यांतून आलीं होतीं.

येथें एक प्रसंग मुद्दाम नोंदवून ठेवतों, कारण तो आमच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं. छावणींतील कित्येक स्त्रियांचे पति आणि मुलांचे बाप व भाऊ त्या वेळीं आंडर्स यांच्या पोलिश सैन्यांत इटलीमध्यें लढत होते. १८ मे १९४४ रोजीं माँते कासिनोचा मठ त्यांनींच घेतला. आणि त्याच इटलींत मराठा पलटणीही होत्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत कुलाबा जिल्ह्यांतील यशवंत घाडगे पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवरचा हल्ला सुरू झाला. त्या हल्ल्यांत तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना नदीच्या पाण्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून उचलून आणलें, हातबाँब टाकून शत्रूच्या मशीनगनचीं ठाणीं बंद केलीं, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशीं, त्याच नदीवर, मराठ्यांच्या डावीकडे पोलिश सैन्य उतरलें होतें! वळिवड्यांतील पोलिश बाई आणि महाराष्ट्रांतील एखाद्या खेड्यांतील शिपायाची आई एकाच नदीवरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होत्या, आणि दोघींनाही तें ठाऊक नव्हतें. मुलांनीं एका कागदावर ही नदी काढावी, एका बाजूनें वळिवड्याहून आणि दुसऱ्या बाजूनें निमजहून तिच्याकडे दोरा ओढावा. महायुद्ध म्हणजे काय तें त्या कागदावरून जितकें कळेल तितकें सनावळीच्या पाठांतरानें कळणार नाहीं.

त्या पोलिश शिपायांचें दुर्दैव असें कीं ते सेनियो ओलांडीत होते तेव्हां त्यांचीं घरें गेलेलीं होतीं. दोन महिने आधीं, फेब्रुवारी १९४५ मध्यें, याल्टा येथें तीन बड्यांनीं पूर्व पोलंड रशियाच्या पदरांत टाकला होता. त्यामुळें छावणी उठली तेव्हां तिच्यांतील पुष्कळांना परत जाण्यास गांवच उरलें नव्हतें. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला. त्या रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीनें सिंधमधून उखडलेलीं हिंदु कुटुंबें तेथें येऊन राहिलीं, आणि आज कापडाच्या पेठेसाठीं सर्वांस माहीत असलेलें गांधीनगर तें हेंच. एका छपराखालीं पाठोपाठ दोन निर्वासित लोक राहिल्याचें असें उदाहरण आमच्या माहितींत दुसरें नाहीं. कोल्हापूरच्या वर्गांत सिंधी मुलें आहेत. त्यांच्या घरीं १९४७ सालच्या आठवणी सांगणारें एखादें माणूस अजून असेल, निदान त्याच्याकडून ऐकलेलें तरी कोणी असेल. या मुलांना बराकीचें चित्र काढावयास सांगितलें तर तीं नुसतें पोलंडचें चित्र काढणार नाहींत.

स्मरणाचें साहित्य परदेशांतून जसेंच्या तसें आणूं नये, असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत लाल खसखशीचें कागदी फूल १९२१ पासून लावतात, कारण फ्लँडर्सच्या रणभूमीवर तें फूल उगवतें. आमच्या मुलानें तें कां करावें? हिरोशिमाची सादाको सासाकी १९५५ सालीं वारली, तिच्या शाळासोबत्यांनीं निधि जमविण्यास पुढाकार घेतला आणि १९५८ सालीं तिचा पुतळा उभा राहिला. आमच्याकडे यांतून कागदी बगळ्यांच्या माळा तेवढ्या आल्या; वर्गमैत्रिणीसाठीं मुलांनीं स्वतः पैसे गोळा केले हा भाग वाटेंतच राहिला. आमच्याजवळ पोवाडा आहे आणि ओवी आहे. कोल्हापुरांत शाहिरांची वाण कधींच नव्हती, आणि मुलांना पोवाडा रचावयास दिला तर त्यांना तो आवडतोच. परंतु पोवाडा जो गेला त्याचा. जी घरीं राहिली तिच्यासाठीं जात्यावरची ओवी आहे. इयत्तेंतील निम्म्यांनीं पोवाडा आणि निम्म्यांनीं ओव्या रचाव्यात, आणि मुलगे-मुली अशी वांटणी मात्र करूं नये. आमच्या अनुभवानें मुलगे ओवी अधिक विचार करून लिहितात.

वळिवड्याचें स्मरण आतां दोन्ही देशांत होतें. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत स्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्यें, युद्धाच्या आरंभास ८० वर्षें झालीं त्या वेळीं, छावणींत वाढलेलीं कांहीं वृद्ध मंडळी येथें येऊन गेलीं. वॉर्सा शहरांत माँते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पें वाहिलीं. जामसाहेबांच्या नांवें दरवर्षीं २० पोलिश तरुणांनीं भारतांत यावें अशी योजनाही त्याच वेळीं जाहीर झाली.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत छावणींतल्या ज्या माणसांचा प्रवास येथेंच संपला त्यांचीं थडगीं आहेत. पोलंडमध्यें १ नोव्हेंबरला लोक थडग्यांवर दिवे लावतात. तो दिवस आमच्या दिवाळीच्या आगेंमागेंच येतो, आणि आमच्या घरीं पणत्या असतातच. एखाद्या शाळेनें त्या दिवशीं एक वर्ग तेथें न्यावा. मुलांनीं पणत्या स्वतः रंगवाव्यात, आणि दगडांवरचीं नांवें वहींत उतरून घ्यावींत. तीं अक्षरें रोमन असलीं तरी कांहींवर आडवी रेघ आहे, कांहींखालीं शेपूट आहे, आणि त्यांचा उच्चार आमच्या शिक्षकांसही येणार नाहीं. तो वॉर्साहून येणाऱ्या त्या तरुणांकडून शिकून घ्यावा, आणि मगच वर्गांत तीं नांवें मोठ्यानें वाचावींत.