बदलीवर आलेला आवाज

१९६० च्या अखेरीस नॅशव्हिलच्या ब्रॅडली स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. गाणं संथ, विरहाचं, कंट्री संगीताच्या घरंदाज वळणाचं. मधल्या तुकड्यात ग्रेडी मार्टिनने सहा तारांचा बेस वाजवायला घेतला आणि स्पीकरमधून भलताच आवाज बाहेर पडला. जाड, घोगरा, कडा फाटलेला. बेस कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून जात होता, तिथला ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. तुकडा पुन्हा वाजवून घेणं सहज शक्य होतं, पण तसं झालं नाही. गाणं बिघाडासकट बाजारात आलं आणि १९६१ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

फाटक्या आवाजाची गोडी त्याही आधीची. १९५१ मध्ये मेम्फिसला 'रॉकेट ८८' मुद्रित झालं, तेव्हा विली किझार्टच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फुटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं होतं. लिंक रेने 'रंबल'साठी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने मुद्दाम भोकं पाडली. ते रेकॉर्ड १९५८ चं. पण फुटलेला स्पीकर सगळं गाणंभर तसाच बोलतो. त्याला दोन ओळींपुरतं चालू आणि मग बंद करता येत नाही.

'डोन्ट वरी'चा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने नेमकं तेच साधलं. त्याने सांगितलेली हकिगत अशी, की पुढे नॅन्सी सिनात्रा नॅशव्हिलला आली आणि तिने तोच आवाज मागितला. तोवर ते चॅनेल पुरतं बंद पडलं होतं. मग स्नॉडीने रेडिओ स्टेशनवर काम करणाऱ्या रेव्हिस हॉब्स या मित्राला हाताशी धरलं आणि बिघाडाचा आवाज ट्रान्झिस्टरांतून नव्याने घडवला. ते सर्किट त्याने शिकागोला नेऊन गिटार बनवणाऱ्या गिब्सनच्या मालक कंपनीच्या प्रमुखांना दाखवलं. १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन एफझेड-१' या नावाने ते विक्रीला आलं. उतरत्या पाठीची तपकिरी पेटी, पायाने दाबायचा खटका, दोनच बटणं, आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल. किंमत ४० डॉलर.

गिब्सनने ही पेटी गिटारवाल्यांपुढे मांडली ती नकलाकार म्हणून. हिच्यातून सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्यूबा, चेलोसुद्धा वाजेल, असा प्रचार झाला. दुकानदारांनी हौसेने माल उचलला. पहिल्याच वर्षी ५,४५८ पेट्या रवाना झाल्या. १९६३ मध्ये गेल्या फक्त तीन. १९६४ मध्ये एकही नाही. मालात खोट नव्हती, चूक होती ती ओळख करून देण्यात. ज्याला सॅक्सोफोन हवा होता त्याला सॅक्सोफोनवाला मिळत होता; ज्याला गिटार आवडत होती त्याने तिला दुसऱ्या वाद्याचं सोंग का द्यावं?

तरी पितळी वाद्यांची आठवण होण्याला कारण आहे. छेडलेल्या तारेचा विद्युत-संकेत वरखाली होणाऱ्या गोलसर लाटेसारखा असतो. फझ, म्हणजे हा फाटका आवाज घडवणारं सर्किट, ती लाट इतकी फुगवतं, की ट्रान्झिस्टरच्या मर्यादेवर आदळून तिचे माथे कापले जातात आणि ती जवळजवळ चौकोनी होते. या कापाकापीत मूळ स्वराच्या वरचे उपस्वर दाटीने उभे राहतात, म्हणून आवाजाला धार येते. दुसरं असं, की तारेचं कंपन हळूहळू विरत जातं, पण माथे त्याच रेषेवर कापले जात असल्याने आवाजाची पातळी बराच वेळ टिकते. सुटी तार फुंकलेल्या वाद्यासारखी लांब स्वर धरू लागते. कंपन फारच क्षीण झालं, की जुनी पेटी एकदम गप्प होते, आणि एफझेड-१ मध्ये हा शेवटचा तुटकपणा फार ठसठशीत ऐकू येतो.

मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. 'सॅटिस्फॅक्शन' त्यांनी आधी शिकागोत मुद्रित करून पाहिलं, मग दोनच दिवसांनी हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत पुन्हा घेतलं. या वेळी त्यांचा गिटारवादक किथ रिचर्ड्स याच्या पायाखाली माएस्ट्रो होता. त्याच्या मनात ती सुरावट पितळी वाद्यांसाठी होती. फझ केवळ आराखडा, खरे वादक येईपर्यंतची बदली. पेटी चालू केल्याचा खटका रेकॉर्डवर कान देऊन ऐकला तर सापडतो. गाणं त्याच स्वरूपात बाहेर पडलं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि वर्ष सरेपर्यंत दुकानांतल्या माएस्ट्रो पेट्या संपल्या. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने हे गाणं आपल्या 'ओटिस ब्लू'मध्ये गायलं, त्यात ती सुरावट खऱ्या ट्रंपेट-सॅक्सोफोनवर आहे. रिचर्ड्सच्या मनातलं गाणं असंच काहीसं होतं. रेडिंगचं गाणं अप्रतिमच आहे, पण लोकांच्या ओठी बसली ती बदलीची सुरावट.

त्याच सुमारास लंडनला असाच प्रकार घडला, आणि तिथे बाजूला सरलं ते आपलं वाद्य. 'हार्ट फुल ऑफ सोल'च्या सुरुवातीच्या सुरावटीसाठी यार्डबर्ड्स या बँडने स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. गाण्याच्या ठोक्यात ते जमेना. अखेर त्यांचा गिटारवादक जेफ बेक याने फझ लावून, तारा ओढत गिटारवर तीच सुरावट काढली आणि जून १९६५ मध्ये ते रेकॉर्ड आलं. सतारीच्या जागी फझ बसावं यात नवल वाटू नये. मिरजेचा कारागीर सतारीची जवारी काढतो तेव्हा घोडीचा माथा घासून असा उतरता करतो, की कंपणारी तार त्याला चाटत राहावी आणि स्वर झणझणत उमलावा. तंबोऱ्यात तर तारेखाली सुताचा जीव सरकवून ती झणझण केसभर फरकाने जुळवली जाते. निव्वळ स्वच्छ स्वर अपुरा वाटणारे कान आपल्याकडे फार जुने आहेत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या उपस्वरांवर शोधनिबंध लिहिला होता. अमेरिकेच्या स्टुडिओत जे बिघाडातून हाती आलं, ते मिरजेत कानस आणि कानांच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या घडवलं जात होतं.

पुढची वर्षं धावपळीची. लंडनमध्ये १९६५ मध्ये गॅरी हर्स्टचा टोन बेंडर हा नवा फझ आला. बीटल्सच्या 'रबर सोल'मध्ये पॉल मॅकार्टनीने फझ बेसला लावलं. १९६६ मध्ये आयव्हर आर्बिटरने माइकच्या स्टँडची गोल बैठक पाहून त्याच आकाराचं फझ फेस काढलं, आणि जिमी हेंड्रिक्समुळे ते जगाला ठाऊक झालं. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूजच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६९ च्या सुमारास बिग मफ आणलं: चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, लांबलचक टिकणारा, गुबगुबीत आवाज.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर स्वस्त, एकसारखा आणि उष्णतेला दाद न देणारा. फझ फेसमध्येही काही वर्षांत जर्मेनियम जाऊन सिलिकॉन आलं. तरी अनेक वादकांचा जीव जर्मेनियमवरच राहिला, कारण गिटारचं व्हॉल्यूमचं बटण थोडं मागे घेतलं की जर्मेनियमचं फझ फेस क्षणात निवळतं आणि जवळजवळ साध्या गिटारसारखं वाजू लागतं. पूर्ण उघडलं की पुन्हा गर्जना. सगळी मैफल एका करंगळीवर चालवता येते.

म्हणूनच गेली काही दशकं जुन्या धाटणीची फझ पेडल्स हाताने बनवणाऱ्यांचा वेगळा धंदा उभा राहिला आहे, आणि त्यातलं खरं काम आहे निवडीचं. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर एका घाण्यातले असले तरी एकासारखा दुसरा नसतो. कोणाचं वर्धन कमी, कोणाची विद्युत-गळती जास्त. कारागीर एकेक टोपीदार ट्रान्झिस्टर मीटरला लावतो आणि हात बाजूला घेऊन थांबतो, कारण बोटांच्या उबेनेसुद्धा गळतीचा आकडा चढतो. तो उतरून स्थिरावला, की मग नोंद करायची. अनेक नग बाद होतात. जमणारी जोडी मिळाली तरच फझ फेससारखं दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट गोड वाजतं.

ऊब पेटीत बसवल्यावरही पाठ सोडत नाही. उन्हात, उघड्या मंचावर ठेवलेलं जर्मेनियम पेडल दुपारी चिरकतं आणि गारव्यात पुन्हा ताळ्यावर येतं. कनेटिकट राज्यातल्या अ‍ॅनालॉग मॅनच्या 'सन फेस' पेडलला त्यासाठी एक जादा बटण बसवून मिळतं. वादकाने मंचावरची हवा पाहून ते फिरवायचं आणि कानाला पटेल तिथे सोडायचं.